शेवटी आलेला गण

आळेफाट्याहून तेव्हा एक साप्ताहिक निघायचं. त्यात मी तमाशाच्या फडांवर, भजनी मंडळांवर, नव्या कॅसेटींवर लिहायचो. दिवसा आळ्याच्या शाळेत मराठी शिकवायचो. साप्ताहिक चार पानी, पण माझा रुबाब चाळीस पानी. एखाद्या फडाला झोडपलं की फाट्यावरच्या हॉटेलांत ते मोठ्यानं वाचलं जायचं आणि मी शेजारच्या बाकावर चहा घेत ऐकायचो. चांगलं लिहिलेलं कुणी मोठ्यानं वाचत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं.

फाट्यावर ट्रकांचं वायरिंग करणारा एक मिस्त्री माझा मित्र होता. आंबेगावाकडचं त्याचं गाव तो लहान असतानाच धरणात गेलेलं. मुंबईहून येणाऱ्या एका ड्रायव्हरनं त्याला अमेरिकेतल्या काळ्या पोरांची कॅसेट दिली होती. त्यातला शब्द कळायची मारामार, पण त्याला वेड लागलं. म्हणायचा, "मास्तर, ही पोरं गात न्हाईत, भांडत्यात. पन तालात भांडत्यात." मग दोनेक वर्षं तो ट्रकखाली पडल्या पडल्या पुटपुटत राहिला, आणि एक दिवस नारायणगावला जाऊन स्वतःचीच कॅसेट करून आला. ढोलकी, हलगी आणि त्याचा घोगरा आवाज. बुडालेलं गाव, मोडलेली घरं, कालव्याचं पाणी कुणाच्या उसाला गेलं, सगळं तालात सुनावलेलं.

कॅसेट माझ्या हातात देण्याआधी त्यानं हात पँटीला पुसले.

"तुमी लिवा मास्तर. तुमी लिवलं तर लोक ऐकतील. न्हाईतर म्हनतील, मिस्त्री येडा झाला. लोकांनी ऐकली तर म्होरली बी करतो. समदी डोक्यात तयार हाये."

मी सहामाहीचे पेपर तपासता तपासता पहिली बाजू लावली. 'धरण आमचं, पाणी तुमचं, तहान कुणाची, सांगा राव,' अशी ती थेटच सुरू झाली. गण नाही! आमच्याकडं तमाशा असो की शाळेचं गॅदरिंग, आधी गण म्हणून गणपतीला बोलवायचं आणि मग पुढचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला तिथंच वाक्य सुचलं. 'ज्याला गण ठाऊक नाही, त्यानं हलगीला हात लावू नये.' वाक्य मला इतकं आवडलं की कॅसेट उलटायची राहूनच गेली. मथळा दिला, 'बडबडीला गाणं म्हणायचं का?'

हॉटेलात ते दोनदा वाचलं गेलं. मिस्त्रीचं नाव बडबड्या पडलं. ट्रकवाले लांबूनच ओरडायचे, "काय बडबडे, गण म्हना की!" तो हसायचा. मला ते हसणं बघवत नसे, पण हॉटेलात जायचं काही मी सोडलं नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या स्कूटरचा हॉर्न बसवताना, मान खाली घालूनच त्यानं विचारलं, "मास्तर, दुसरी बाजू ऐकली व्हती ना?"

"ऐकली की. का रे?"

"काय न्हाई." त्यानं स्क्रू आवळला, हॉर्न वाजवून बघितला आणि म्हणाला, "जावा आता."

पुढची कॅसेट त्यानं केलीच नाही. न खपलेल्या कॅसेटी ड्रायव्हर लोकांनी मागून नेल्या आणि त्यांवर सिनेमाची गाणी भरून घेतली. माझ्याशी त्याचं वागणं पहिल्यासारखंच होतं. फक्त ट्रकखालून पुटपुटणं ऐकू येईनासं झालं.

काही वर्षांनी कावीळ झाली आणि तो पंधरा दिवसांत गेला. उन्हाळ्यात धरण आटलं की त्याच्या गावचे लोक बुडालेल्या देवळाच्या पायऱ्यांवर जातात. त्याचा दहावा तिथंच होता. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. भावानं पोरांची जबाबदारी घेतली. सासऱ्यानं घराचा शब्द दिला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले.

मग त्याच्या बायकोनं पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला आणि कॅसेटची दुसरी बाजू लावली. त्याचा घोगरा आवाज आला, "आधी गाव सांगितलं, आता देवाला बोलावतो. गाव ठावं नसलं तर देव यायचा कुठं?" आणि मग गण:

"ये गणराया, पाट न्हाई,
बसाया वटा न्हाई,
गाळात पाय देऊन ये,
दुसरी वाट न्हाई."

म्हातारी माणसं डोळे मिटून बरोबर म्हणत होती. त्यांना तो पाठ होता. असा गण मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता.

त्याची बायको माझ्याजवळ आली. "मास्तर, ह्या गणावर त्येंचा लई जीव व्हता. पन तुमाला न्हाई आवडला. मी म्हनायची, दुसरी कॅसेट काढा. तर म्हनायचे, मास्तरांनी पुरतं ऐकून लिवलंय, मंग खरंच आसल."

मी पिंडापुढं गेलो, हात जोडले आणि मनातल्या मनात म्हणालो, ऐकली नव्हती रे. मी खोटं बोललो.

कावळे हलले नाहीत. हे मोठ्यानं म्हणायला हवं होतं, त्याच्या बायकोसमोर, गावासमोर. त्याला झोडपलेलं मोठ्यानंच वाचलं गेलं होतं. पण मी जोडलेले हात सोडले आणि मागं जाऊन लोकांत उभा राहिलो. सगळे उन्हात ताटकळले होते. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक घरी निघाले.