दोन काड्यांची सुट्टी

माझी थोरली बहीण साठी उलटल्यावर पाइप ओढायला शिकली. हे ऐकलं की लोक नाक मुरडतात. मुरडा खुशाल. मीही मुरडलं होतं, आणि मी तर तिच्याच घरात राहते. पण तिनं ते का केलं तेवढं ऐकून घ्या, मग काय बोलायचं ते बोला.

आम्ही दोघी एकाच पुस्तकबांधणीच्या कारखान्यात. ताई बाइंडर, चाळीस वर्षं झाली. मी शिवणखात्यात, पुस्तकाचे फर्मे, म्हणजे घड्या घातलेल्या पानांचे गठ्ठे, सुईदोऱ्यानं शिवणाऱ्या आम्ही सातजणी. आमच्या फोरमननं एक नियम करून ठेवला होता. अकरा वाजता मागच्या अंगणात सुट्टी, पण फक्त ओढणाऱ्यांना. न ओढणाऱ्यानं बाहेर जाऊन करायचं काय, असं त्याचं म्हणणं. आणि ओढणाऱ्यांनी तरी रेंगाळू नये म्हणून माणशी दोन काड्या. पहिलीनं तंबाखूचा वरचा थर करपवायचा, दुसरीनं नीट पेटवायचं. विझलं की उठायचं आणि कामाला लागायचं. सिगारेटवाले पाच मिनिटांत परत यायचे. पाइपवाले चौघे मात्र अर्धा तास बाकावर ठाण मांडून. फोरमन, दोन बाइंडर आणि कव्हरांवर सोनेरी अक्षरं उठवणारे म्हातारे काका.

खरी मेख पुढेच आहे. कोणतं काम कोणाला द्यायचं, ते त्या बाकावर ठरायचं. ज्याचा पाइप चालू, त्याचं मत. मग काय, कातडी बांधणीची देखणी कामं बाकावरच्यांना आणि ताईला जन्मभर वह्या नि पावतीपुस्तकं! तिच्यासारखा हात त्या चौघांत एकाचाही नव्हता. फोरमनला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो तिला पाण्यात बघायचा.

ताईच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना एका ग्रंथालयाकडून जुन्या नकाशांचे बारा खंड आले. पानं उशीच्या अभ्र्याएवढी, पाठी उसवलेल्या. नवीन कातडी चढवून सगळे पुन्हा बांधायचे होते. ताईनं पहिल्या खंडावरून नुसता हात फिरवला. त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही.

"हे मीच बांधणार," ती म्हणाली. "जाता जाता एक तरी काम माझ्या हातून माझ्या तोलाचं व्हायला हवं."

सोमवारी तिनं फोरमनला विचारलं, "वाटप कधी?"

"शुक्रवारी. बाकावर."

"बाकावर बसायला काय लागतं?"

"पाइप लागतो, बाई," असं म्हणून तो जो हसला, ते आम्हाला आत ऐकू आलं.

मंगळवारी ताई पाइप घेऊन हजर! सोबत फ्लेकचा डबा. फ्लेक म्हणजे दाबून वडी केलेल्या तंबाखूचे पातळ काप. ती हळू जळते, जास्त वेळ पुरते. फोरमन तीच ओढायचा. पण डब्यातून काढलेली फ्लेक दमट असते हे हिला कोण सांगणार? हिनं काप दुमडून तसाच कोंबला. दोन्ही काड्या संपल्या, पाइप दोनदा गुरगुरला आणि गप्प झाला.

"पाइप आहे तो बाई, हुक्का नव्हे," फोरमन म्हणाला. "चला, वह्या खोळंबल्यात."

आम्ही खिडकीतून बघत होतो. मला तर सुई त्याच्या हातात टोचावीशी वाटली.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "ओली आहे. वाळवायला हवी." आता चाळीस वर्षं बाइंडरी केलेल्या बाईला वाळवणं म्हणजे एकच ठाऊक: ओला कागद टिपकागदांत घालायचा आणि प्रेसमध्ये आवळायचा. तिनं खाटेखालची छोटी प्रेस काढली आणि फ्लेक टिपकागदांत घालून रात्रभर आवळून ठेवली. सकाळी बघतो तर फळी! चाकूनंही तुटेना.

"अगं, ती आधीच दाबलेली तंबाखू," मी म्हटलं. "तिला आणखी काय दाबतेस, डोंबल!"

बुधवार असा गेला. संध्याकाळी तिनं नवे काप तव्यावर गरम केले. त्यांचा झाला भुगा. गुरुवारी तो एका काडीत पेटला खरा, पण चार मिनिटांत राख, आणि जीभ अशी पोळली की तिला घास गिळवेना. फोरमननं दार उघडून धरलं आणि वाकून म्हणाला, "या."

त्या संध्याकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, "पुरे झाला तमाशा! उतारवयात फुप्फुसं काळी करतेस आणि वर हसं करून घेतेस."

"हसू देत. वह्या बांधत मी निवृत्त व्हायची नाही."

"मग जरा डोकं तरी वापर! कागद वाळला की नाही ते कसं बघतेस गं रोज?"

"ओठाला लावून."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग ताडकन उठली. काप तळहातांत हलके चोळून तिनं मोकळे केले, कोऱ्या कागदावर पसरले आणि दर दहा मिनिटांनी एक चिमूट खालच्या ओठाला लावू लागली. गार लागतंय म्हणजे ओल आहे. मी घड्याळ बघत होते, रागावलेली असले तरी. पन्नास मिनिटांनी ती म्हणाली, "झालं." तंबाखू चिमटीत दाबली तर गोळा होईना, भुगाही होईना; सोडली की पुन्हा फुलायची. लगेच डबीत घालून झाकण लावलं.

शुक्रवारी खिडकीपाशी आम्ही सातहीजणी. ताईनं पाइप भरला, खाली सैल, वर किंचित घट्ट. एक काडी. दुसरी काडी. निळा, बारीक धूर निघाला. ती सावकाश ओढत राहिली.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. फोरमनला घाम फुटला. शेवटी त्यानं विषय काढला. "नकाशांचे खंड या दोघा बाइंडरांना. कातडी ताणणं बाईच्या मनगटाचं काम नाही."

ताई ओढत राहिली.

काका म्हणाले, "माझ्या मते बाईंनी बांधावेत. त्यांचाही पाइप चालू आहे."

झालं! फोरमनचा तोल गेला. बाई माणूस, डोळे गेले असतील, हात कापत असतील, ग्रंथालयाला मी काय तोंड दाखवू, असं तावातावानं हातातला पाइप नाचवत तो बोलत सुटला. ओढायचं राहूनच गेलं. ताई ऐकत होती आणि धूर सोडत होती.

तो थांबला तेव्हा काका हळूच म्हणाले, "साहेब, विझला."

त्यानं काडेपेटीकडे हात नेला. ताईनं पेटीवर आपला पंजा ठेवला.

"तुमच्या दोन झाल्या," ती म्हणाली. "उठा."

उठला! लाल तोंडानं आमच्या खिडकीवरून आत गेला. बाकावर उरलेल्यांत मग काकांचं मत झालं, ताईचं झालं, आणि दोघा बाइंडरांतला एक मान खाली घालून म्हणाला, "बाईंचाच हात चांगला आहे. मला आधीच बोलायला हवं होतं."

सोमवारी सकाळी पहिला खंड ताईच्या टेबलावर उघडला गेला. अकराला तिनं कातडीवरची सुरी बाजूला ठेवली, शिवणखात्याच्या दारात आली आणि म्हणाली, "चला गं."

आम्ही सातजणी सुया टोचून ठेवून तिच्या मागे. मी सगळ्यात शेवटी, खोटं कशाला सांगू?

फोरमननं आम्हाला बघितलं, मग ताईच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "पाइप कुठे आहे?"

"टाकून दिला. घाणेरडी चव असते हो."

"मग इथे काय काम आहे तुमचं?"

"सुट्टी आहे," ताई म्हणाली. "सरका जरा."

काका आधी सरकले. मग तोही सरकला.