अर्धं घर सहलीला

आमच्या घराने देश भरपूर पाहिला, पण अर्धा अर्धा. हुबळीच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. आजोबा कोल्हापूरकडून इथे आले, डोक्यावर तांब्या-पितळेची भांडी घेऊन आधी दारोदार फिरले आणि मग दुकान टाकलं. त्यांनी एकच नियम घालून दिला. दुकान बंद ठेवायचं नाही आणि गादी घरच्या माणसावाचून ठेवायची नाही. खेड्यातनं लग्नाची भांडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बंद दार बघून गेलं, की त्याची नातवंडंसुद्धा दुसऱ्या दुकानात जातात, असं ते म्हणायचे. आजोबा गेले. नियम मात्र अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांच्यापेक्षा कडक केला. रविवारीसुद्धा दुकान उघडं.

मग फिरायला जायचं कसं? तर अर्ध्या घराने. एका खेपेला अप्पा आणि माझा थोरला भाऊ अण्णा निघायचे आणि आई गादीवर बसायची. दुसऱ्या खेपेला आई आणि मी. अप्पांनी काश्मीर, अमृतसर, कोणार्क पाहिलं. आईने कन्याकुमारी, कच्छचं रण, उटीची छोटी रेल्वे. माझं लग्न होऊन मी जवळच नवनगरला राहायला आले तरी ही वाटणी मोडली नाही. आमच्या घरातल्या एकाही फोटोत आई आणि अप्पा यांच्या मागे डोंगर किंवा समुद्र नाही. दोघं एकत्र दिसतात ते मागे कुकरची खोकी असलेल्या फोटोंत.

जो मागे राहिला त्याचा एक हक्क असायचा. त्याला आम्ही नुसतं 'सांगणं' म्हणायचो. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी, बाजार जरा निवांत असताना, गेलेल्याने दुकानात मागच्या बाजूला बसून सगळं सांगायचं. आधी सांगणं, मग फोटो. फोटो आधी दाखवला की माणूस नीट सांगत नाही, हे आईचं म्हणणं. ऐकणाऱ्याने मध्ये शंका काढायची नाही. तो तिथे नव्हता, त्याला वाद घालायचा काय अधिकार?

आई छान सांगायची. कन्याकुमारीचा सूर्य तिने असा सांगितला होता की अप्पा हातातलं ताट पुसायचं थांबले. अप्पांचं सांगणं म्हणजे आनंदच. काश्मीरहून आले आणि दल सरोवरातल्या बोटीत माणसाने माल कसा मांडला होता, ते सांगत बसले. मग तिथल्या चहाच्या तांब्याच्या सामोवाराला आतून कल्हई कशी करतात, तेही. आई चिडली. "मी पहाड विचारतीय आणि हे कल्हई सांगतायत." अप्पा म्हणाले, "पहाड पांढरे होते. कल्हई केल्यागतच." तेवढ्यावर काश्मीर संपलं.

धबधब्याचं जोग मात्र दोघांनीही पाहिलं नव्हतं. शिरसीच्या रस्त्याने सकाळी निघालं की जेवायच्या आत पोचतो, इतकं जवळ. जवळ आहे म्हणूनच राहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आम्हा भांडीवाल्यांनाच लागू पडावी, यात नवल नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी आई दाराच्या चौकटीला धडकायला लागली. शेजारी ठेवलेली वाटी तिला दिसायची नाही. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूचं दिसणं गेलं होतं, समोरचं तेवढं उरलं होतं, नळीतून बघावं तसं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी टिकलं तर टिकेल, असं ते म्हणाले. रात्री जेवताना तिने ताटाकडे बघतच अप्पांना सांगितलं, "काहीतरी एक तुमच्याबरोबर बघायचं हाय. दिसतंय तोवर. जोग चालंल."

अप्पा म्हणाले, "आय्तु. बघू."

'आय्तु' म्हणजे कानडीत 'बरं'; पण आमच्या घरात 'आय्तु, बघू' याचा अर्थ काय होतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. उन्हाळा गेला. पाऊस सुरू होऊन रस्त्यावर डबकी साचली. आई दर शुक्रवारी विचारायची आणि अप्पा लग्नसराई, मग पंचमी, मग गणपती अशी एकेक सबब पुढे करायचे. मी एकदा दुकानात जाऊन भांडलेसुद्धा. गिऱ्हाइकांदेखत भांडले, त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

शेवटी अण्णाने ते केलं. एका सकाळी त्याने कुकरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर कानडीत 'आज दुकान बंद' असं लिहिलं. आमच्याकडे तशी पाटीच नव्हती. शटर ओढून त्याने तो पुठ्ठा बांधला आणि गाडी दारात आणली. अप्पा पुठ्ठ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता काढून टाकतात. ते म्हणाले, "खाली लिही, उद्या उघडं हाय." अण्णाने लिहिलं. "नक्की, असं लिही." अण्णाने तेही लिहिलं. मग ते गाडीत बसले. अण्णाचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, म्हणून इथे लिहिते.

आई, अप्पा, अण्णा, वहिनी आणि मी. सगळं घर एका गाडीत, हे पहिल्यांदाच. शिरसीच्या पुढे रान दाट झालं, पाऊस लागला. आई समोरच्या काचेतून बघत होती आणि अप्पा उगीचच वाटेवरच्या दुकानांच्या पाट्या वाचत होते.

जोगला पोचलो, गाडी लावली आणि आम्ही छत्र्या उघडल्या. अप्पा डिकीपाशी उभे राहून म्हणाले, "तुम्ही बघून या. मी हितं थांबतो. सामान हाय."

आणि आम्ही निघालो. ते सांगतानाही मला हसावं की रडावं कळत नाही. ज्या एका गोष्टीसाठी दुकान बंद केलं होतं, तीच आम्ही सगळे विसरलो. कोणीतरी मागे राहतो आणि बाकीचे बघायला जातात, हे अंगात इतकं मुरलेलं की आईसुद्धा वहिनीचा हात धरून निघाली. कठड्यापाशी पोचलो तर समोर नुसतं धुकं. खाली कुठेतरी पाणी गर्जत होतं. आईने मान वळवून आपल्या शेजारी बघितलं, मग दुसऱ्या बाजूला बघितलं आणि मला विचारलं, "तुझे अप्पा कुठायत गं?"

मी तशीच मागे फिरले. अप्पा गाडीपाशी छत्री धरून, चपात्या आणि शेंगाचटणीच्या पिशवीवर पाऊस पडू नये म्हणून वाकून उभे होते. माझ्या तोंडात जे आलं ते बोलले. "ती पिशवी कोण पळवणार हाय? आईनं काय सामानाची राखण करायला आणलंय तुम्हांला?" अप्पा गोरेमोरे झाले. "अगं, सवय," एवढंच म्हणाले आणि पिशवीसकट माझ्याबरोबर चालू लागले.

आम्ही वाटेत असतानाच कठड्याकडून लोकांचा कल्ला ऐकू आला. पोचलो तोवर धुकं पुन्हा मिटलं होतं. आईचा चेहरा बघूनच कळलं.

"दिसलं," ती म्हणाली. "थोडंसंच. लगेच गेलं." तिच्या आवाजात आनंद नव्हता. मग ती कठड्याला पाठ करून, सवयीने पदर सावरून, सांगायला लागली. "हे बघा, आधी डाव्या अंगाला..."

"सांगू नको," अप्पा म्हणाले.

उभ्या जन्मात त्यांनी आईला सांगताना थांबवलं नव्हतं. वर आभाळ काळं होतं, अण्णा घड्याळ बघत होता, घाटात अंधार होईल म्हणत होता. अप्पांनी कठड्याजवळचा ओला बाक आपल्या रुमालाने पुसला, आईला तिथे बसवलं आणि शेजारी बसले.

"थांबू," ते म्हणाले. "आज दुकान बंद हाय."

आम्ही थांबलो. भाजलेली कणसं खाल्ली, चपात्या खाल्ल्या. पांढऱ्या धुक्यासमोर दोघं छत्रीखाली बसली होती आणि माझ्या मनात आलं, आत्ता तरी दोघांना सारखंच दिसतंय. आईने अप्पांच्या शर्टाची बाही धरून ठेवली होती. ते परत सामानाकडे जातील, असा तिला भरवसा नसावा.

मग वारा फिरला. धुकं फाटलं आणि पाणी दिसलं. सगळा कडाच पाण्याने भरलेला, वरपासून खालपर्यंत. लोक ओरडत होते. आई-अप्पा उठून उभे राहिले. मी मोबाईल काढून चित्रण करत होते आणि रडत होते, म्हणून ते थोडं हललेलं आहे. पुन्हा सगळं पांढरं झाल्यावर अप्पांनी विचारलं, "झालं?" आई म्हणाली, "झालं."

देवाचे, धुक्याचे, त्या वाऱ्याचे, कोणाकोणाचे आभार मानू? डोळे घेऊन जाणाऱ्या आजाराने तेवढी सवड दिली, त्याचेसुद्धा मानते.

दुसऱ्या दिवशी दुकान नक्की उघडलं. दुपारी आई जेवणाचा डबा घेऊन आली, मागच्या बाजूला बसली आणि काहीच सांगेना. सांगणार कोणाला? मग अप्पाच म्हणाले, "काही म्हण, उजव्या बाजूचं पाणी आधी दिसलं." आई म्हणाली, "छे. डाव्या." अप्पा म्हणाले, "उजव्या." आणि दोघं भांडायला लागली. दोघंही तिथे होती, दोघांनाही अधिकार होता.

आता आईला समोरचंही पुसट दिसतं. पण दुपारी डबा उघडला की तो वाद निघतो. आई जिथे बघत होती तेवढंच तिला दिसलं, हे अप्पांना कळतं की नाही, मला माहीत नाही. ते माघार घेत नाहीत आणि आईला तेच आवडतं. पाणी आधी कुठल्या बाजूचं दिसलं, ते माझ्या मोबाईलमधल्या चित्रणात स्पष्ट आहे. दोघांनीही मला अजून ते मागितलेलं नाही. मीही दाखवत नाही.