अक्का आणि एमेरिकचे गोल

बेंगळूरच्या चामराजपेटेतल्या संयोगिता घोरपडे, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, यांनी सव्वीस वर्षं कॉलेजात फ्रेंच शिकवलं. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याच वर्षी शहरातल्या एका फुटबॉल क्लबाने एमेरिक वोत्रँ हा फ्रेंच स्ट्रायकर आणला. त्याला इंग्रजी येईना, म्हणून दुभाषी हवा होता. अक्कांनी आयुष्यात एकही मॅच पाहिलेली नव्हती.

"चेंडूमागं पळणाऱ्याला भाषा कशाला लागते गं?" वडील विश्वेश्वर म्हणाले. तरी त्या गेल्या.

एमेरिक चौतीस वर्षांचा होता. ब्रिटनी प्रांतातल्या कोळ्यांच्या गावातला. सोळाव्या वर्षी क्लबात, फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीत एकसष्ट गोल, मग गुडघ्याचं ऑपरेशन, पुढे बेल्जियम, सायप्रस आणि शेवटी बेंगळूर. इथल्या पहिल्या पाच मॅचमध्ये त्याचा एकही गोल झाला नाही.

प्रशिक्षक रविकिरण भडकले. "विचारा त्याला, पाय आहेत का लाकडाचे ओंडके!"

अक्कांनी फ्रेंचमध्ये विचारलं, "पाय दुखतायत का, असं सर विचारतायत."

असं महिनाभर चाललं. एक दिवस एमेरिक हसत म्हणाला, "मॅडम, सरांचा चेहरा लालबुंद आणि तुमचे शब्द मधासारखे. खरं कोण बोलतंय?"

अक्का ओशाळल्या. "कुणाला असं टाकून बोलायची मला सवय नाही हो."

"मी सोळाव्या वर्षापासून शिव्या खातोय. त्यांचं काही वाटत नाही. पण ते काय सांगतात हेच कळलं नाही, तर सुधारू कसा?"

खरं तर, रागावण्याच्या मधे मधे रविकिरण बरंच काही सांगत होते. ते अक्कांना समजत नव्हतं, म्हणून त्या सरळ गाळत होत्या. आपल्यामुळे त्याचं नुकसान झालं, हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्यांनी उजवीकडून खेळणाऱ्या प्रणीतला घरी जेवायला बोलावलं. त्याने जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून ऑफसाइड समजावला. विश्वेश्वरही चष्मा पुसत बाजूला येऊन बसले.

"अक्का, सर त्याला एकच सांगतात," प्रणीत म्हणाला. "मी मान वर करेपर्यंत स्वल्प थांब. तो आधीच धावतो, आणि माझा पास त्याच्या मागून जातो."

दुसऱ्या दिवशी अक्कांनी हे जसंच्या तसं सांगितलं, ओंडक्यांसकट. एमेरिक पोट धरून हसला आणि मग तासभर प्रणीतबरोबर तेवढंच घोटत राहिला.

शनिवारच्या मॅचला प्रणीतने मान वर केली, एमेरिक तेव्हाच सुटला, आणि चेंडू जाळ्यात! अक्का बाकावरून उठल्या आणि रविकिरणांच्या पाठीत एक जोरदार थाप बसली. "सरी, सरी, अक्का!" असं कानडीत 'बरं, बरं' म्हणत ते पाठ चोळत राहिले. त्या हंगामात एमेरिकने नऊ गोल केले. हंगाम संपला तसा तो निवृत्त झाला आणि गावी जाऊन मुलांना खेळ शिकवू लागला.

पुढच्या जूनमध्ये त्याच्या आईचं आमंत्रण आलं. सव्वीस वर्षं फ्रेंच शिकवूनही अक्कांनी फ्रान्स पाहिलेला नव्हता. त्या गेल्या, तीन आठवडे राहिल्या. म्हातारी इतकं भरभर बोलायची, की पहिले दोन दिवस अक्कांना निम्मंच कळलं. तिसऱ्या दिवशी दोघी मासळीबाजारात भावावरून घासाघीस करत होत्या.