चादरीच्या दोन टोकांना

अक्काने मला फसवलं, आणि ते सांगताना माझं डोकं अजून तापतं.

आम्ही दोघी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालतो. मोठी चादर एकटीला आवरत नाही. दोन टोकं तिने धरायची, दोन मी. ताणायची, झटकायची, मग चालत जवळ यायचं आणि तिची टोकं माझ्या हातात. मशीनच्या घरघरीत लांबून काही ऐकू येत नाही, म्हणून बोलणं जवळ आल्यावरच. एका घडीला एक वाक्य. अशीच आम्ही एकमेकींना पुस्तकं सांगत आलो. "सध्या काय वाचतेस?" याच्यानेच तिची सकाळ सुरू व्हायची. शनिवारी अदलाबदल, तीही उशीच्या अभ्र्यात गुंडाळून, कारण बाकीच्या बायका हसतात, "आल्या पंडिता!"

अक्का माझ्याहून बरीच मोठी. नवरा गेल्यावर इथे लागली, एकटीने मुलगा वाढवला, त्याचं लग्न लावून दिलं. आता त्याच्याच घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झोपते. स्वभाव गोड, इतका गोड की राग यावा. सुपरवायझर अंगावर ओरडला तरी म्हणणार, "त्याचंही बरोबर आहे." पुस्तकं मात्र एकेक तिखट निवडायची. "ही बाई बघ कशी सगळ्यांना सरळ करते," म्हणून द्यायची आणि ते अगदी खरं निघायचं.

गेले काही महिने मात्र काहीतरी बिनसलं होतं. तिच्या बाजूचे डाग तसेच घडीत जायचे. मी त्या चादरी गुपचूप बाजूला काढायचे आणि मनात चडफडायचे, म्हातारी कामचुकार झाली. माझी पुस्तकं परत देताना "छान होतं गं" एवढंच. मी जीव टाकून दिलेलं पुस्तक, आणि म्हणे छान!

मग गेल्या आठवड्यात तिने एक नवी गोष्ट काढली. एका घरात एक बाई असते. पुढच्या चादरीला, तिला सगळे "नंतर बघू" म्हणतात. त्याच्या पुढच्या, ती काहीच बोलत नाही. मग, ती काड्यापेटी उशाखाली ठेवते. मी चादरी भराभर ओढायला लागले. शनिवारी अभ्रा हातात देत म्हणाली, "शेवटी घर पेटवते. वाच तू."

घरी सगळी कामं उरकून पुस्तक उघडलं. मधमाश्या कशा पाळाव्यात! पेट्यांची मापं, राणीमाशीची निगा, पावसाळ्यातली काळजी. शेवटपर्यंत चाळलं. बाई नाही, घर नाही, साधी काडीसुद्धा नाही. माझं टाळकंच सटकलं. जेमतेम शिकलेली म्हणून माझी टिंगल करते काय?

सोमवारी पहिल्याच चादरीला असा हिसका दिला की ती धडपडली. मी चादर फेकली आणि पुस्तक तिच्या नाकासमोर धरलं.

"घर कुठल्या पानावर पेटतं गं? दाखव मला."

"आहे की, शेवटी शेवटी," ती म्हणाली आणि पानं उलटायला लागली.

रागाच्या भरात मी पुस्तक उलटं धरलं होतं. तिने ते तसंच घेतलं, तसंच उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"अक्का, कधीपासून?"

"थंडीपासून. नुसतं धुकं आहे. मोतीबिंदू म्हणतात, काढता येतो."

"मग?"

"मुलगा म्हणतो नंतर बघू. तुला काय आता परीक्षेला बसायचंय? आधी वाचलेली होती तोवर ती दिली, या वेळी सूनबाईच्या कपाटातलं हाताला लागलं ते आणलं."

"आणि मला सांगायला तोंड शिवलं होतं?"

"तू पुस्तकं द्यायची बंद केली असतीस. मग माझ्याशी बोललं असतं कोण?"

राग पुन्हा डोक्यात चढला, पण आता तिच्यावर नव्हे. डोळ्यांचा वॉर्ड आमच्या डोक्यावरच, वरच्या मजल्यावर. तिथल्या चादरींची रोज ही बाई चाचपून चाचपून घडी घालते, आणि पोटचा पोरगा विचारतो परीक्षा आहे का! लहानपणी त्याला ताप आला की हीच उशाशी बसून गोष्टी वाचून दाखवायची. आता हिच्यासाठी त्याला एक दिवस सुट्टी मिळत नाही. मेल्याला लाज कशी वाटत नाही?

मी तिचं मनगट धरलं आणि जिन्याकडे निघाले. सुपरवायझर ओरडला, "अगं, चादरी कोण करणार?"

"तुम्ही करा! दोन टोकं धरा आणि दोन खिडकीला बांधा!"

वर नर्सने विचारलं, "घरचं कोण आहे सोबत?"

"मी."

"नातं काय?"

"आम्ही पुस्तकं बदलतो."

तिने मान वर केली. माझा चेहरा पाहून म्हणाली, "बसा. डॉक्टर येतायत."

बाकावर बसलो. अक्काने हात मांडीवर ठेवले. माझं मन मात्र अजून त्या गोष्टीतच अडकलं होतं.

"ती बाई कुणाचं घर पेटवते गं?"

"मुलाचं," अक्का म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, गोड.

"मुलगा आत असतो?"

न दिसणाऱ्या भिंतीकडे बघत तिने पदराची दोन टोकं जुळवली.

"ते अजून ठरवलं नाही," म्हणाली.