डिस्चार्ज झाला की झाली

माझे मोठे काका धरणावर दारं उघडण्या-मिटण्याच्या कामावर होते. बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे त्यांना 'गेटवाले' म्हणत. काकूसुद्धा रागावली की "अहो गेटवाले, जेवायला येताय ना?" अशी हाक मारायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे शाळा लांब पडायची, म्हणून मी लहानपणापासून त्यांच्या क्वार्टरमध्ये राहिले आणि तिथलीच होऊन गेले.

क्वार्टर धरणाच्या भिंतीला लागून होतं. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे जाळीचा व्हरांडा. दारं वर उचलली जाताना साखळ्यांची घरघर व्हायची आणि आमच्या फळीवरचे डबे थरथरायचे. काकू म्हणायची, "नवरा कामावर हजर आहे हे मला डब्यांवरून कळतं."

काकांच्या तोंडी दिवसभर एकच शब्द असायचा, डिस्चार्ज. धरणातून खाली जे पाणी सोडतात त्याला त्यांच्या खात्यात डिस्चार्ज म्हणतात. फोन वाजला की पलीकडून "डिस्चार्ज किती?" आणि इकडून आकडा. काकूचा कान वाहायला लागला तेव्हा ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी बॅटरी पेटवून कानात डोकावत विचारलं, "डिस्चार्ज कितपत आहे?" काका खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "सध्या एकच दार, अर्ध्या फुटावर." काकू दुखऱ्या कानावर हात दाबून इतकी हसली की डॉक्टरांना तपासणं थांबवावं लागलं. ही गोष्ट आमच्याकडे आल्यागेल्याला सांगितली जायची. पुढे ती सांगणं आम्ही बंद केलं.

त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता आणि वरच्या डोंगरात पाऊस कोसळत होता. दुपारी तारा तुटून वीज गेली. धरण काठोकाठ येत चाललं होतं. मोठ्या साहेबांचा, म्हणजे इंजिनिअरांचा, फोन आला, "डिस्चार्ज वाढवा. तीन दारं उचला. ताबडतोब."

दारं उचलायला डिझेलचं जनरेटर होतं, ती अडचण नव्हती. पण पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवायचा, नदीत कुणी असेल तर त्याने बाहेर यावं, हा नियम. वीज गेली तरी वाजावा म्हणून भोंगा वेगळ्या बॅटरीवर ठेवलेला. काकांनी बटण दाबलं. भोंगा घसा बसलेल्या माणसासारखा एकदा खरखरला आणि गप्प झाला. बॅटरी जुनी झाली होती. नवी पाठवा म्हणून काका कितीतरी दिवस मागे लागले होते, आणि "येईल, येईल" असं उत्तर मिळत होतं.

खाली नदीवर बुटका पूल होता, त्याच्या अलीकडे पात्रातच शेतीच्या पंपांच्या विहिरी. काकांनी दारात येऊन चौकीदाराला ओरडून सांगितलं, "डिस्चार्ज झालीये! पळ, पुलाकडे जा, सगळ्यांना वर काढ!" चौकीदार सायकलवर बसून उताराने निघाला.

मग काका थांबले. मी तेव्हा कंट्रोल रूममध्ये त्यांचा चहा घेऊन आले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. ते पाण्याच्या पातळीच्या काट्याकडे बघायचे, मग खिडकीतून खाली, मग पुन्हा काट्याकडे. फोन वाजला. साहेब ओरडत होते, ते मलाही ऐकू येत होतं, "भिंतीवरून पाणी जाऊ द्यायचंय का तुम्हाला? उघडा म्हणतोय ना!" काका म्हणाले, "साहेब, माणूस खाली पाठवलाय, जरा पोचू दे." पलीकडून फोन आपटला गेला. काका आणखी थोडा वेळ उभे राहिले. शेवटी मला म्हणाले, "तू घरी जा." मी व्हरांड्यात पोचले तेव्हा डबे थरथरत होते.

एक पंप मेकॅनिक वाहून गेला. विहिरीच्या कठड्यावर उतरून पंप खोलत होता. त्याची बायको काठावरून त्याला हत्यारं देत होती. तिच्या देखत गेला.

पोलिसांनी चौकीदाराचा जबाब घेतला. तो भेदरलेला, हवालदार घाईत. जबाबात असं उतरलं: 'गेटवाले म्हणाले, डिस्चार्ज झाला आहे, पुलाकडे जा.' झालं! त्याचा अर्थ सरळ लागला की पाणी आधी सोडलं आणि माणूस मागून पाठवला. काका बोलले होते बॅटरीबद्दल. बॅटरी डिस्चार्ज झाली. कागदावर पाण्याचा डिस्चार्ज झाला. एका वेलांटीचा काना झाला आणि माझा काका निष्काळजीपणे माणूस मारणारा ठरला. मोठ्या साहेबांनी सांगितलं की आपण फक्त 'परिस्थिती पाहून योग्य ते करा' असं म्हटलं होतं. त्यांचं ओरडणं मी ऐकलं होतं, पण घरच्या पोरीचा जबाब कोण घेणार?

काकांवर गुन्हा नोंदला गेला आणि खात्याने त्यांना निलंबित केलं. मला वाटलं होतं की निलंबन म्हणजे घरी पाठवतात. तसं नसतं. निलंबित माणसाने आपलं ठिकाण सोडायचं नाही, रोज कार्यालयात जाऊन हजेरीची सही करायची, आणि काम मात्र करायचं नाही. जामिनाची अटही तीच, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. म्हणजे ज्या धरणापायी हे घडलं, त्याच्या पायथ्याशी, त्याच दोन खोल्यांत, रोज त्याच दारांचा आवाज ऐकत बसून राहायचं. फक्त दारं दुसरा कुणी उघडणार.

साखळ्या वाजल्या की काका हातातलं काम सोडून मोजायला लागायचे. "दुसरं उचललं... फार भरभर उचलतोय हा." काकू म्हणायची, "तुम्हाला कुणी विचारलंय का?" मग त्यांनी व्हरांड्याच्या जाळीला आतून जुनी चादर लावली. त्याने भिंत दिसेनाशी झाली, आवाज काही थांबला नाही. मी नोकरीला लागले, शहरात खोली केली, "चला माझ्याकडे" म्हटलं. ते म्हणाले, "मी कुठं येणार? मला इथे खुंटीला टांगून ठेवलंय." काकू त्यांना सोडून यायला तयार नव्हती. तिच्या भावाच्या मुलीच्या लग्नालाही ती गेली नाही. "ते घरात कोंडलेले आणि मी मांडवात मिरवू?"

आमच्या वकीलबाई तरुण होत्या, बोलायला चटपटीत. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "काका, आपण आधी डिस्चार्जचा अर्ज टाकू."

काकांचा चेहरा उतरला. "परत डिस्चार्ज? बाई, त्या शब्दानेच तर हे सगळं केलंय."

"हा वेगळा. खटला चालवण्याइतका पुरावाच नाही असं कोर्टाला पटलं, तर सुरुवातीलाच सोडून देतात. त्याला आमच्यात डिस्चार्ज म्हणतात."

काकांनी विचार केला. "म्हणजे अडवलेलं पाणी सोडून द्यायचं."

"तसंच समजा!"

अर्ज फेटाळला गेला. न्यायाधीश म्हणाले की गेटवाले नेमकं काय बोलले आणि कोणत्या अर्थाने, हे साक्षीपुराव्यातच ठरेल. साक्षीपुरावा सुरू व्हायला वर्षं लागली. कधी सरकारी वकील रजेवर, कधी साहेबांची बदली झालेली म्हणून समन्स पोचत नाही. तारखेला काका इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टाच्या बाकावर बसायचे आणि पुढची तारीख घेऊन परत यायचे.

मध्येच त्यांच्या फुफ्फुसात पाणी झालं. खात्याची परवानगी काढून त्यांना शहरातल्या दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या मजल्यावरचा वॉर्ड, खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची आणि वाळत घातलेले कपडे दिसायचे. काका तिथे कित्येक वर्षांनी मला मोकळे वाटले. शेजारच्या खाटेवरच्या शिंप्याशी पत्ते खेळायचे, नर्सची थट्टा करायचे. एका सकाळी डॉक्टर फाइल बघत म्हणाले, "छान. उद्या डिस्चार्ज देऊ."

काका म्हणाले, "नको."

"नको? अहो, सगळे डिस्चार्जसाठी माझ्या मागे लागतात!"

"लागू देत. मला इथेच ठेवा." त्यांनी डॉक्टरांचा हात धरला. "इथे असेपर्यंत मला सही करायला जावं लागत नाही. आणि इथे दारं वाजत नाहीत."

डॉक्टरांना काही उमजलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी आणखी दोन दिवस ठेवून घेतलं. त्याहून जास्त त्यांच्याही हातात नव्हतं. परत येताना धरणाची भिंत दिसायला लागली तशी काकांनी गाडीची काच वर केली आणि डोळे मिटून घेतले.

अखेर साक्षी सुरू झाल्या. चौकीदार आता पार म्हातारा झाला होता. वकीलबाईंनी विचारलं, "ते 'झाला' म्हणाले की 'झाली'?"

चौकीदार म्हणाला, "बाई, वाऱ्यात त्यांचा अर्धा आवाज उडून गेला होता. भोंगा वाजेना आणि 'पळ' म्हणाले, म्हणून पळालो. झाला का झाली हे ऐकायला कोण थांबतंय?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसले. काका तेवढे हसले नाहीत. आमची सगळी भिस्त चौकीदारावर होती, ती तिथेच संपली.

पुढच्या तारखेला मेकॅनिकच्या बायकोची साक्ष होती. ती सरकारी साक्षीदार, म्हणजे आमच्या विरुद्ध बाजूची. बारीक, काळीसावळी, केस पिकायला लागलेले. सरकारी वकिलांनी पाणी कसं आलं, नवरा कसा गेला, एवढं विचारून घेतलं. मग वकीलबाई उठल्या आणि त्यांनी जपून विचारलं, "पाणी येण्याआधी कुणाचा आवाज ऐकलात का?"

बाईने पदर खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "ऐकला. सायकलवाला पुलावरून ओरडत होता, बाहेर या, बाहेर या. हा वर काठावर आलाही होता."

"मग?"

"पंप अर्धा खोलून ठेवला होता. लोकाचा पंप. वाहून गेला तर त्याच्या कामावर कोण विश्वास ठेवणार म्हणून तो परत उतरला. मी नको म्हटलं. म्हणाला, पाणी यायला अजून वेळ आहे. तो दोर बांधत होता तेव्हा पाणी आलं."

"हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, त्याचं मरण त्याने स्वतः ओढवून घेतलं. पोरांनी बापाबद्दल तेच ऐकलं असतं." तिने काकांकडे पाहिलं. "पण हे प्रत्येक तारखेला बाहेरच्या बाकावर बसलेले दिसायचे. दर वेळी आणखी वाळलेले."

माणूस पुलावर पोचून ओरडत होता आणि पाणी त्यानंतर आलं, तेव्हा पाणी आधी सोडलं हे म्हणणं टिकणार कसं? काका निर्दोष सुटले. वकीलबाईंनी पेढे मागितले. काकू कोर्टाच्या पायरीवर बसून रडली.

बाहेर ती बाई नळावर पाणी पीत होती. काका तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. तीच म्हणाली, "एक विचारू? आणखी थोडं थांबला असता तर?"

काका म्हणाले, "थांबलो होतो. त्याहून थांबता आलं असतं का, हे मी रोज स्वतःला विचारतो. भिंत टिकली असती, असंही वाटतं. नसती टिकली, असंही वाटतं."

तिने मान हलवली. पदराने तोंड पुसलं आणि ती रस्ता ओलांडून बसच्या थांब्याकडे गेली.

खात्याने काकांना कामावर परत घेतलं, पण निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. धरणावर पाठवू का, असं विचारलं तर ते नको म्हणाले. मग त्यांना मुख्य कार्यालयात, जिन्याखालच्या एका टेबलावर बसवलं. निवृत्त झाल्यावर दोघं माझ्या शेजारी राहायला आले. आता काकांना कुठेही जाण्याची मोकळीक आहे, कुणाची परवानगी लागत नाही. तरी ते फारसे बाहेर पडत नाहीत. मी "चला, फिरून येऊ" म्हटलं की चपला घालतात, दारापर्यंत येतात, आणि काकूकडे वळून विचारतात, "जाऊ ना?"

काकू दर वेळी म्हणते, "जा की, कोण अडवतंय?"

कधी कधी ते जातात.