मामांचं किलोचं पितळी वजन

चाकणपासून दापोडीपर्यंत असा एकही तराजू नसेल, ज्यानं माझ्या सासऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या नसतील. मामांनी चाकणच्या एका कारखान्यात उभी हयात तपासनीस म्हणून काढली. ते रिटायर झाले, त्यांची तपासणी मात्र रिटायर झाली नाही. भाजीला निघाले की पिशवीत आधी किलोचं पितळी वजन जातं, मग पिशवी हलते. सांगवीची भाजीवाली त्यांना लांबून पाहूनच पारडं रिकामं करते, "घ्या बाबा, तपासा एकदाचं!" डॉक्टरांच्या काट्यावर स्वतः चढण्याआधी ते वजन चढवतात. लग्नाच्या बोलणीत त्यांनी मला पगार विचारला नाही, माझ्या मनगटाकडे बघून "घड्याळ किती पुढं हाय?" एवढंच विचारलं. मी खरं ते सांगितलं, "तीन मिनिटं." मुलगी मिळाली.

गेज म्हणजे मोजायचं हत्यार, आणि त्याबद्दल त्यांचं एकच म्हणणं: "जावईबापू, आधी गेज तपासायचं, मग माल. गेजच खोटं असंल तर चांगला माल भंगारात घालाल."

मी खेळाडूंसाठी सॉफ्टवेअर करतो. जमिनीवर दोन प्लेटा, प्रत्येकीवर एक पाय. कुठल्या पायावर किती भार येतो ते पडद्यावरच्या दोन चौकोनांत दिसतं. लाल म्हणजे जास्त, निळा म्हणजे कमी. दापोडीच्या एका क्लबात ते दाखवायला निघालो, तर मामा "बघू तरी" म्हणत सोबत आले, अर्थात पिशवीसकट. डावा गुडघा दुखावून वर्षभर घरी बसलेली एक कबड्डीची पोरगी प्लेटांवर उभी राहिली. दुसऱ्याच दिवशी तिची निवड चाचणी होती. डावा चौकोन निळाशार! कोच म्हणाले, "गुडघा अजून भार घेत नाहीये. उद्या नको." "सर, खरंच नाही हो दुखत," म्हणत पोरगी काकुळतीला आली. आणि मी शहाणा, "मशीन खोटं बोलत नाही" म्हणून मोकळा झालो.

मामा पुढं सरसावले. "बाय, जरा बाजूला व्हय." पिशवीतलं वजन काढून त्यांनी डाव्या प्लेटवर ठेवलं. पडद्यावर उजळला तो उजवा चौकोन! ते चौकोन मीच मांडले होते आणि मीच त्यांची अदलाबदल करून बसलो होतो. म्हणजे भार घेत नव्हता तो उजवा पाय. मामांनी विचारलं, "उजव्या पायाला काय झालं गं?"

"नव्या बुटानं टाच सोललीय, आजोबा."

एवढं साधं, आणि कुणी विचारलंच नव्हतं. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मामा मात्र कोचना म्हणाले, "पोरगी पास. जावई बी चांगला हाय, फकस्त तपासायचा राहिला हुता."

पोरीची निवड झाली. ती पेढे घेऊन पुनावळ्याला आमच्या घरी आली, त्या दिवशी मामांनी ते वजन माझ्या हातात ठेवलं. "आता तुमच्याकडं असू द्या." माझ्या टेबलावर तेच असतं, आणि येईल त्याला मी अभिमानानं सांगतो की हे आमच्या मामांचं.

परवा मामा आले ते भिंतीचा आधार घेत. मी गमतीगमतीत त्यांना प्लेटांवर उभं केलं. उजवा चौकोन पार निळा. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"गेज तपासलं हुतं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं, पण त्यांच्यापुढं ते जमत नाही. "हो मामा. आधी तुमचंच वजन ठेवून पाहिलं."

"मग बरोबरच असंल," मामा म्हणाले, आणि उतरण्यासाठी त्यांनी माझा हात मागितला.