यादीतल्या शेवटच्या वीत्स्केबाई

वीत्स्केबाईंनी निम्म्या मीरदमला पाण्यात ढकललं आहे. अगदी खरोखर, दोन्ही हातांनी, कपडे-बुटांसकट. आमच्या गावात घराच्या पुढे कालवा, मागे कालवा आणि पलीकडे सरोवर. पोराला चालता आलं की पोहता यायलाच हवं. आणि कालव्यात पडणारा माणूस काही पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही, म्हणून परीक्षा अंगभर कपड्यांत द्यायची. नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर ही परीक्षा घेणाऱ्या वीत्स्केबाई म्हणजे दाराच्या चौकटीएवढी उंची, गळ्यात शिट्टी आणि हातात लांब काठी. काठीच्या टोकाला आकडा. बुडणाऱ्याला त्या आकड्यानं वर काढायचं आणि न बुडणाऱ्याला त्याच आकड्यानं परत आत लोटायचं.

मी बाहेरून या गावात आले आणि त्यांच्याकडे शिकले तेव्हा माझं वय सव्वीस होतं आणि माझ्या गटातल्या बाकी सगळ्यांचं सहा. मी कठडा धरून रडायला लागले, तर वरून आवाज आला, "रडायचंय? रड की. पण पोहता पोहता रड. थांबून रडायला इथे जागा नाही."

बाईंचा नियम एकच. पाय पाण्यात घातला की पलीकडचा कठडा गाठायचा. मधून परत फिरायचं नाही. गावातला बेकरीवाला, दातांचा डॉक्टर, चर्चमधला बाजावाला, सगळे हा नियम अंगात भिनवूनच मोठे झालेले.

अशा या बाई मार्चअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांच्यापेक्षा जास्त वाट बघत होते त्यांचे यजमान, श्यूर्द. श्यूर्द जन्मभर टपाल वाटून केव्हाच मोकळे झाले होते. पण तलावाला उन्हाळ्यात सुट्टी नसते, त्यामुळे दोघांची उन्हाळ्यातली सफर लग्नापासून पुढे पुढे ढकलली गेली होती. श्यूर्दनी एक जुनी, सपाट बुडाची होडी घेऊन ती अंगणात उलटी-सुलटी करत घासूनपुसून तयार केली होती. एप्रिलात निघायचं आणि ऑक्टोबरपर्यंत मीरदमचं तोंड बघायचं नाही, असा बेत होता. हातावरचं वॉर्निश त्यांनी जेवतानासुद्धा पुसायचं सोडून दिलं होतं.

आणि मग जानेवारीत लुब्बर्ट कॉफीला आला.

लुब्बर्ट म्हणजे खिडक्यांचे पडदे विकणारा, 'मीरदम एकजूट' या आमच्या गावठी पक्षाचा नेता. पक्षाचे नगरपरिषदेत दोन सदस्य, त्यांतला एक तो स्वतः. बाईंनी कॉफी ओतली, डब्यातून एक बिस्किट दिलं आणि झाकण लावलं.

"बाई," लुब्बर्ट म्हणाला, "यंदा आमच्या यादीत शेवटचं नाव तुमचं टाकू का?"

"मला निवडून यायचं नाही."

"म्हणून तर शेवटचं! पहिला असतो तो यादी ओढणारा, तो मी. शेवटचा नुसता मागून ढकलणारा. तुमचं नाव बघून लोक यादीकडे वळतील, मत मला देतील, झालं."

"म्हणजे ढकलायचं काम आहे?"

"फक्त ढकलायचं."

"ते मला येतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पेन घेतलं.

तेवढ्यात अंगणातून श्यूर्दचं डोकं खिडकीत आलं. "वीत्स्के, कशावर सही करतेयस?"

"कशावर नाही रे. शेवटचं नाव आहे."

"शेवटच्या नावाची माणसं निवडून येतात का?"

"मीरदमच्या इतिहासात एकदाही नाही," लुब्बर्टनं छातीवर हात ठेवला.

"मीरदमच्या इतिहासात हिचं नाव तरी कधी यादीत होतं?" श्यूर्द म्हणाले. पण तोवर सही झाली होती.

मार्चमधल्या शनिवारच्या बाजारात मासेवाला आणि चीजवाला यांच्यामध्ये सगळे पक्ष ओळीनं उभे होते. डावे गुलाब वाटत होते, धंदेवाले पेनं, चर्चवाले मटारचं घट्ट सूप. सूप एवढं चांगलं होतं, की चर्चवाल्यांपुढची रांग सगळी इतर पक्षांच्या उमेदवारांचीच होती. तलाव मोडकळीला आलेला, आणि निवडणूक सगळी त्या तलावाभोवती. डावे म्हणत होते तलाव राहणारच. धंदेवाले म्हणत होते तलाव राहील, पण योग्य स्वरूपात. चर्चवाले म्हणत होते तलाव राहावा, पण रविवारी बंद राहावा. लुब्बर्टच्या फलकावर लिहिलं होतं, "तलाव: आम्ही ऐकतो."

"काय ऐकतोस?" बाईंनी विचारलं.

"लोकांचं."

"लोक ओरडतायत की छप्पर गळतंय. ऐकलंस? आता पुढे काय?"

"पुढचं निवडणुकीनंतर, बाई."

बाईंनी पक्षाचं हिरवं जाकीट घातलं होतं. ते त्यांना कोपरापर्यंतच येत होतं. सायकलवरून उतरलेली एक बाई थबकली. "अय्या, बाई! तुम्ही उभ्या आहात?"

"नुसती टेकलेय. मला मत देऊ नकोस."

"मग कुणाला देऊ?"

"याला." बाईंनी लुब्बर्टला पुढे ढकललं.

"याला? हा परीक्षेच्या दिवशी रडला होता ना?"

"तेव्हा सहा वर्षांचा होता."

"मीसुद्धा सहाचीच होते. मी नव्हते रडले."

दिवसभर हेच चाललं. इतर सगळे मत मागत होते, आणि ही उंच बाई येईल त्याला बजावत होती, "मला देऊ नका. खबरदार. मला होडीत बसायचंय." मी सूप घेऊन तिथेच उभी होते, तेव्हा शेजारच्या दोघी कुजबुजताना ऐकल्या.

"असं बोलून हिला कोण मत देणार गं?"

"कुणीच नाही. पेपरात सगळ्यांची मतं छापून येतात. हिच्या नावापुढे शून्य येईल."

"नेमकं निवृत्तीच्या महिन्यात शून्य! बरं दिसतं का ते?"

"नाहीच दिसत. एक तरी पडायला हवं बिचारीला."

मतदान बुधवारी होतं. आमच्या भागाचं केंद्र नेहमीप्रमाणे तलावाच्या इमारतीत होतं, कॅन्टीनमध्ये. तिथली एक भिंत पूर्ण काचेची. काचेच्या अलीकडे आडोसे, आडोशांत दोरीला बांधलेल्या लाल पेन्सिली आणि पलंगपोसाएवढी मतपत्रिका. काचेच्या पलीकडे तलाव, आणि तलावाच्या काठावर काठी घेऊन वीत्स्केबाई. त्यांचा बुधवारचा वर्ग होता, तो निवडणुकीसाठी का म्हणून बंद राहावा?

केंद्राचा प्रमुख होता हार्मेन, बेकरीवाला. तो चिंताग्रस्त होऊन काचेचं दार ढकलून आत गेला. "बाई, उमेदवारानं केंद्रात प्रचार करायचा नसतो."

"मी प्रचार करतेय? मी पोरांना पाय मारायला शिकवतेय."

"पण मत द्यायला आलेले सगळे तुमच्याकडे बघतायत."

"मग त्यांना सांग, समोर बघा. आणि तू बुटांनी आत आलास, हार्मेन. बूट!"

हार्मेन बूट हातात घेऊन बाहेर आला. काचेला पडदा नव्हता. पडद्याचं काम लुब्बर्टकडे दोन वर्षं पडून होतं.

तर माणूस आडोशात जायचा, ती भली मोठी पत्रिका उघडायचा, शेकड्यांनी नावं, त्यांत ओळखीची चार. डोकं वर काढावं तर समोर बाई, काठी रोखून. वास क्लोरिनचा. माणूस एकदम सहा वर्षांचा व्हायचा. त्यात मनात ते शून्य. हात आपोआप यादीच्या तळाशी जायचा. मग ती पत्रिका काही केल्या पुन्हा घडीत बसायची नाही, आणि तो घामाघूम होऊन तिला पेटीत कोंबायचा.

दुपारी श्यूर्द आले. ते आडोशात बराच वेळ होते. पलीकडून बाईंनी खूण केली: लुब्बर्टला! श्यूर्दनी मान डोलावली. होडी गावाच्या कालव्यात उतरवून तयार होती.

मतदानाच्या रात्री नुसते पक्षांचे आकडे लागतात. 'मीरदम एकजूट'ची एक जागा गेली, एक राहिली. लुब्बर्टनं केक खाताखाता जाहीर केलं, "एक तर एक. पण माझी!"

उमेदवारांची मतं मोजतात दुसऱ्या दिवशी, क्रीडा सभागृहात. मोजणाऱ्यांत मीही होते. लांब टेबलांवर पत्रिका उलगडायच्या आणि नावाप्रमाणे ढीग करायचे. लुब्बर्टचा ढीग चांगला वाढत होता. तो कठड्याशी उभा राहून त्याच्याकडे बापाच्या नजरेनं बघत होता. मग त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक ढीग त्या ढिगाच्या खांद्याला आला. मग डोक्याला. हार्मेननं तो ढीग दोन भागांत केला, मग तीन, आणि डोळे मिटून उघडले.

"कुणाचा आहे तो?" लुब्बर्टनं विचारलं.

"शेवटच्या नावाचा," हार्मेन म्हणाला. "लुब्बर्ट, तू बसून घे."

नियम सगळ्यांना ठाऊक होता. ठरलेल्या प्रमाणाहून जास्त मतं मिळवणाऱ्यांत ज्याची सर्वांत जास्त, तो आधी आत. यादीतला क्रमांक मग कितीही खालचा असो. आणि जागा होती एकच.

बाईंना बोलावलं. त्या आल्या, मागोमाग श्यूर्द, हातात सफरीचा नकाशा. हार्मेननं आकडा वाचून दाखवला. बाईंनी तो पुन्हा वाचायला लावला, मग चष्मा लावून ढीगच जाऊन बघितला.

"बाई," लुब्बर्टचा आवाज अगदी परीक्षेच्या दिवसासारखा झाला होता, "तुम्ही नाही म्हणू शकता. नाही म्हणालात की जागा माझ्याकडे येते."

"म्हणणारच आहे. घाबरू नकोस." मग त्या सभागृहाकडे वळल्या. शिट्टी गळ्यात होतीच, ती त्यांनी फुंकली. "मी सांगत होते ना, मला देऊ नका? कोणी कोणी दिलं? हात वर!"

"बाई, मतदान गुप्त असतं," हार्मेन कळवळून म्हणाला.

"हात वर म्हटलं!"

हात वर झाले. मोजणारे, बघायला आलेले, पेपरचा बातमीदार. माझा हात कुठे होता ते विचारू नका, मतदान गुप्त असतं.

"का पण?"

"तुम्हाला शून्य पडलं असतं, बाई," मागून कुणीतरी म्हणालं. "म्हटलं, आपलं एक असू दे."

"मीपण एकच दिलं!"

"मला वाटलं, मी एकटीच!"

बाईंची नजर फिरत फिरत श्यूर्दवर आली. श्यूर्दचा हात खांद्यापर्यंत वर होता, वॉर्निश लागलेला.

"तू?"

"एवढा मोठा कागद, वीत्स्के," श्यूर्द म्हणाले, "आणि त्यात तुझं नाव अगदी खाली, कोपऱ्यात, एकटं. इतक्या वर्षांचा संसार. तुझ्यावरून पेन्सिल पुढे नेववेना गं."

"आणि होडी?"

"एका मतानं काय होतंय, म्हटलं."

तेव्हा कठड्याशी हळूच आणखी एक हात वर गेला. लुब्बर्टचा.

सगळ्या माना तिकडे वळल्या.

"अरे गाढवा," बाई म्हणाल्या.

"तुम्ही काचेतून बघत होतात," लुब्बर्ट म्हणाला.

बाईंनी जाकिटाची चेन वर ओढली. "ते काही असो. मी नाही म्हणतेय. मला उन्हाळा हवाय. मी आत्तापर्यंत एकही..."

"बाई," हार्मेन अगदी हळू बोलला. तो पत्रिका सारख्या करत होता, वर बघत नव्हता. "पाय पाण्यात घातला की?"

आणि अख्खं सभागृह, बेकरीवाले, दातांचे डॉक्टर, बाजावाले, सगळे एका सुरात: "पलीकडचा कठडा!"

मी नाटकात पुष्कळ समूहस्वर ऐकले आहेत. असा नाही. बाईंचा चेहरा लाल झाला. स्वतःच्याच आकड्यानं मानगूट पकडलं, की माणूस कसा दिसतो ते मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी श्यूर्दकडे बघितलं. श्यूर्दनी नकाशाची घडी घातली. मग पुन्हा उघडली.

"सभा कधी असतात, लुब्बर्ट?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारी संध्याकाळी."

"शुक्रवारी निघून गुरुवारी परत यायचं म्हणजे कुठवर जाता येईल?" श्यूर्दनी बोट नकाशावर ठेवलं आणि मीरदमभोवती एक गोल काढला. "वीत्स्के, इथे बदकं पुष्कळ आहेत म्हणतात."

"फार लांब नाही ते."

"लांब गेलं म्हणजेच सफर असं थोडंच आहे? तू त्या छपराच्या मागे काय लागायचं ते लाग."

आता दर शुक्रवारी ती होडी नगरपालिकेच्या मागच्या कालव्यातून सुटते, गावाभोवतालच्या पाण्यात गोल गोल फिरते आणि गुरुवारी दुपारी परत त्याच खुंट्याला येते. श्यूर्द सुकाणूवर असतात, काठीच्या आकड्याला धरून पोहणाऱ्या पोरासारखे, थोडे ओढलेले, पण तरंगत. लुब्बर्ट पक्षाचा मदतनीस म्हणून सभेत बाईंच्या मागच्या खुर्चीत बसतो आणि कागद पुढे करतो.

पहिल्याच सभेत महापौरांनी तलावाच्या छपराचा विषय पुढच्या वर्षावर टाकावा असं सुचवलं. बाई उठल्या. काठी बरोबर आणायला परवानगी नव्हती, तरी महापौरांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"या विषयात नगरपालिकेनं पाय घातलाय की नाही?" बाईंनी विचारलं.

महापौर मीरदमचेच. त्यांनी नुसता कागद ओढून विषय पुन्हा यंदाच्या यादीत वर लिहिला, आणि बघणाऱ्यांच्या बाकांवर श्यूर्दनी वॉर्निश लागलेल्या हातांनी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.